जुलैत पेपेरोमियाचं बूड काळं का पडतं? गोव्याच्या हवेत हे झाड घरात कसं जपावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मडगावात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मार्चमध्ये नर्सरीतून ‘बेबी रबर प्लँट’ म्हणून जाड, गोलसर, तकतकीत पानांचं झाड आणलं आणि तळाला भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंडीत, लाल माती व शेणखत घालून लावलं. दर तिसऱ्या दिवशी कपभर पाणी. मे संपेपर्यंत झाड छान होतं. जुलै लागला आणि खालची पानं हात लावताच गळायला लागली, एका फांदीचं बूड काळं पडलं. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय, झाड वाचेल का, आणि घरात मांजर आहे, तिने पान खाल्लं तर चालेल का?

मांजरीचं आधी सांगतो. पेपेरोमिया मांजराला किंवा कुत्र्याला विषारी नाही. फक्त तुमचं झाड पेपेरोमियाच आहे ना, हे तपासा, कारण ‘रबर’ हे नाव दोन वेगळ्या झाडांना चिकटलं आहे. एक पान देठापाशी तोडा. पांढरा चीक आला तर तो खरा रबर, वड-पिंपळाच्या कुळातला. त्याच्या चिकाने मांजराच्या तोंडाची आग होते. पाण्यासारखा रस आला तर पेपेरोमिया ऑब्ट्युसिफोलिया. वर्णनावरून तुमचं झाड दुसरंच, म्हणजे पेपेरोमिया वाटतं.

आता दुखण्याकडे. पाणी जास्त झालं आहे आणि मूळ कुजलं आहे. मूळ मेलं की झाडाला पाणी वर ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. ती पाहून माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलंसुरलं मूळही जातं. घरातले बहुतेक पेपेरोमिया याच फेऱ्यात मरतात. तुमचं झाड मात्र वाचेल, कारण काळं एकाच फांदीचं बूड आहे. काळेपणा झपाट्याने वर सरकू शकतो, त्यामुळे रविवारची वाट न बघता हे आजच करा.

झाड कुंडीतून काढा, माती झटका, मुळं नळाखाली धुऊन घ्या. जिवंत मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असतं आणि चिमटीत धरलं तर टणक लागतं. कुजलेलं मूळ काळपट असतं. ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. वासही कुजकट येतो. असं प्रत्येक मूळ कापून टाका.

मग काळी फांदी. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसा आणि काळेपणा संपतो तिथून २ सेंटिमीटर वर आडवा छेद द्या. छेद उजेडात धरून नीट बघा. निरोगी खोड आतून ओल्या काचेसारखं फिकट हिरवं आणि एकसारखं दिसतं. मध्ये तपकिरी ठिपके किंवा कडेने तपकिरी कडी दिसली, तर रोग तिथवर पोचलेला आहे. ब्लेड पुन्हा पुसा आणि आणखी १ सेंटिमीटर वर कापा. स्वच्छ छेद मिळेपर्यंत हेच करायचं. दोन छेदांच्या मध्ये ब्लेड पुसायचा कंटाळा केला, तर तुम्हीच रोग वर नेता.

वाचलेल्या फांदीचे ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करा, प्रत्येकावर वरची दोन-तीन पानं ठेवा, खालची काढा. जुलैच्या हवेत छेद आपणहून सुकत नाही, म्हणून तुकडे वर्तमानपत्रावर पसरून मंद पंख्याखाली एक दिवस ठेवा. छेदावर कोरडी पापडी धरली की लावायला तयार. जिथे अजून खोड स्वच्छ आहे आणि थोडी टणक मुळं आहेत, तो मूळ बुंधाही दिवसभर सावलीत सुकवून नव्या मिश्रणात लावता येईल. मात्र बुंधा आणि तुकडे एकाच कुंडीत लावू नका.

जुनी माती पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. गावी कुळागर (पोफळी-मिरीची बाग) असेल तर तिथे मिरीच्या बुडाशी ती चुकूनही जाऊ देऊ नका, आणि याला कारण आहे. पेपेरोमिया हे मिरीच्याच कुळातलं झाड. ते फुलावर आलं की उंदराच्या शेपटीसारखे जे तुरे येतात, ते मिरीच्या तुऱ्यांशी ताडून बघा, नातं लगेच दिसतं. पावसाळ्यात ओल्या भिंतीच्या कडेला आणि कुंड्यांत काचेसारख्या पारदर्शक देठाचं, हृदयाच्या आकाराच्या पानांचं जे नाजूक तण उगवतं, तेही पेपेरोमियाच. आपल्याकडे मिरवेलीला पावसात जी मर लागते ती फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाची करणी, पोफळीचा कोळेरोग त्याच गोत्रातला आणि कुंडीतल्या पेपेरोमियाचं बूडही बहुतेकदा त्याच गोत्रातल्या रोगाने काळं पडतं. या रोगाचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की त्यांना मुळापर्यंत वाट मिळते. फटींत हवा असली की वाट तुटते. पुढे मिश्रण, कुंडी, पाणी यांबद्दल जे काही सांगतो आहे, ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे: फटींत हवा राहू देणं.

या झाडाचं मूळ घर फ्लोरिडा, मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. तिथे ते झाडांच्या खोडांवर, पालापाचोळ्यात, खडकांच्या सांध्यांत वाढतं. खोल माती त्याने पाहिलेली नसते. मुळं तोकडी असतात आणि पाण्याचा साठा पानात. गळलेल्या पानांतलं एक चांगलं पान घ्या, ब्लेडने आडवं कापा आणि कड खिडकीकडे धरा. वरच्या बाजूला पारदर्शक जाडसर थर दिसेल, त्याखाली हिरवी पट्टी. तो पारदर्शक थर म्हणजे या झाडाची पाण्याची टाकी. टाकी भरलेली असताना मुळाशी पाणी ओतत राहिलं, तर ते प्यायला कोणीच नसतं.

म्हणून पाणी कॅलेंडर बघून घालू नका, पान बघून घाला. मधल्या उंचीवरचं एक जुनं पान अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. पापडासारखं ताठ लागलं तर टाकी भरलेली आहे, पाणी नको. मऊ पुरीसारखं दुमडू पाहत असेल, तर बोट दोन सांधे खाली घालून मिश्रण कोरडं आहे का बघा. कोरडं असेल तर पाणी द्या. पान मऊ आणि मिश्रण ओलं, असं एकत्र दिसलं तर तो मूळ कुजल्याचा इशारा; पाणी थांबवून झाड उपटून बघा. वजनाचा काटा घरात असेल तर त्याहून भरवशाचं काम होतं. पाणी घालून निथळल्यावर कुंडी तोला आणि आकडा कुंडीवर लिहून ठेवा. समजा ७८० ग्रॅम भरली. ती ५३० ते ५५० ग्रॅमवर उतरली की पुढचं पाणी. तुमच्या कुंडीचे आकडे वेगळे येतील; दोन-तीन फेऱ्यांत पान मऊ होतं तेव्हाचं वजन कळतं, मग तोच तुमचा आकडा.

घालायचं तेव्हा मात्र पोटभर घाला. ५ इंची कुंडीला १५० ते २०० मिलिलिटर, खालून थोडं वाहून जाईपर्यंत. पंधरा मिनिटांनी बशीतलं पाणी ओतून द्या. रोज चमचा-चमचा घालण्याने वरचा थर कायम ओला राहतो, खालची मुळं तहानलेली राहतात आणि बूड कुजतं. ढोबळ अंदाज हवाच असेल तर एप्रिल-मेमध्ये ६ ते ८ दिवसांनी, ऑक्टोबरमध्ये ८ ते १० दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत १० ते १२ दिवसांनी, आणि जून ते सप्टेंबर १५ ते २० दिवसांनी. शेवटचा आकडा अनेकांना खरा वाटत नाही. पण आपल्याकडे किनाऱ्याला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. हवा पाण्याने भरलेली, ढगांमुळे उजेड कमी. पानातून वाफ जाणार कुठे? वाफ जात नाही म्हणून मूळ पाणी ओढत नाही. मे महिन्यात जो कपभर पाण्याचा हिशेब बरोबर बसत होता, तोच जुलैत झाडाच्या मुळावर आला.

मिश्रणासाठी लाल माती नको. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) ती माती कुंडीत दोन-तीन महिन्यांत दाबून बसते आणि ओली असताना चिकणमातीसारखी हवा कोंडते. चिऱ्याचे तुकडेही नकोत. मऊ चिरा विरघळून चिखल होतो. ५ इंची कुंडीला साधारण १ लिटर मिश्रण लागतं. १०० मिलिलिटरचं माप घ्या: नारळाच्या सोडणाचे नखाएवढे तुकडे ३ मापं, कोकोपीट (सोडणाचा भुसा) २, परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) ३ (न मिळाल्यास ४ ते ६ मिलिमीटरचे विटेचे तुकडे, भुकटी चाळून), करवंटीचा कोळसा वाटाण्याएवढा फोडून १, आणि पूर्ण कुजलेलं गांडूळखत १. मूठ आवळून सोडली की मिश्रण मोकळं झालं पाहिजे. लाडू राहिला तर परलाइट वाढवा.

कोकोपीट आणि सोडण धुतल्याशिवाय वापरू नका. काथ्यासाठी सोडण खाडीच्या पाण्यात भिजवलेलं असू शकतं आणि मग त्यात मीठ असतं. मिठाने पानांची टोकं करपतात आणि दोष पाण्याला लागतो. बादलीत रात्रभर भिजवा, पिळा, पाणी फेका, असं तीनदा. टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर शेवटच्या पाण्याचं वाचन नळाच्या पाण्याहून १०० पीपीएमपेक्षा जास्त नको. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू याच कारणासाठी कधीच नको, वरच्या थरालाही नाही.

कुंडीला तळाशी ६ ते ८ मिलिमीटरची किमान चार भोकं हवीत. तुमची चिनी मातीची कुंडी आवडती असेल तर ती बाहेरचं भांडं म्हणून ठेवा आणि आत भोकांची प्लास्टिकची कुंडी बसवा; पाणी घालताना आतली बाहेर काढायची. भोक नसलेल्या कुंडीत तळाशी खडी घातली की निचरा होतो, हा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. वरचं बारीक मिश्रण पुरतं चिंब झाल्याशिवाय पाणी खालच्या मोठ्या खडीत उतरतच नाही. म्हणजे ओलीचा थर खडीच्या उंचीएवढा वर सरकतो, थेट मुळांच्या पातळीवर. ज्यांचा हात पाण्याला सैल आहे त्यांनी डिचोलीकडच्या कुंभारांची साधी, रंग न दिलेली मातीची कुंडी घ्यावी. तिच्या अंगातून ओल निघून जाते. उन्हाळ्यात तिला दोन दिवस आधी पाणी लागेल, एवढंच.

आकार मुळांच्या गठ्ठ्याहून फार तर २ सेंटिमीटर रुंद. लहान झाड मोठ्या कुंडीत लावलं की मुळं नसलेल्या भागात पाणी साचून राहतं. पूर्ण वाढलेला पेपेरोमिया २५ ते ३० सेंटिमीटरचा होतो आणि ५-६ इंची कुंडीत वर्षानुवर्षं सुखात राहतो. लावताना आधी जिथवर माती होती तिथवरच मिश्रण येऊ द्या. खोड उभं राहत नाही म्हणून खोल गाडलं, तर गाडलेला भागच आधी कुजतो. त्याऐवजी महिनाभर काडीचा आधार द्या. नर्सरीच्या झाडाच्या मुळाशी बऱ्याचदा जाळीचा छोटा पेला असतो. तो कापून काढा, नाहीतर आतला कोकोपीटचा गोळा वेगळाच ओला राहतो. कुंडी बदलायला ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी चांगला. जून ते ऑगस्टमध्ये फक्त आत्तासारखी अडचण आली तरच.

उजेडाकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि पावसाळ्यात पाण्याइतकाच त्याचाही वाटा असतो. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली: सकाळचं कोवळं ऊन तासभर आणि नंतर नुसता उजेड. मोबाइलवरच्या लक्स (उजेडाचं माप) मोजणाऱ्या अॅपचा आकडा अगदी अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. १००० लक्सखाली झाड नुसतं तग धरतं, ३००० ते ८००० मध्ये वाढतं. पावसाआधी आपण बाल्कनीला ताडपत्री किंवा पत्रे लावतो आणि त्या दिवसापासून खोलीतला उजेड निम्म्याहून कमी होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, झाडाला जाणवतं. पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायच्या दिवसांतच झाडाची जागाही बदला: मेमध्ये खिडकीपासून दीड मीटरवर असलेली कुंडी जूनमध्ये काचेपासून ३० सेंटिमीटरवर आणा. तशी जागाच नसेल तर १२ ते १८ वॅटचा पांढरा एलईडी दिवा झाडावर ३० सेंटिमीटर उंचीवर, रोज १० ते १२ तास. ऑक्टोबरमध्ये आकाश मोकळं झालं की झाड लगेच मागे घ्या. चार महिने सावलीत वाढलेल्या पानांवर ऑक्टोबरचं दुपारचं ऊन पडलं, तर दोन दिवसांत पांढरे-तपकिरी चट्टे उठतात आणि ते जात नाहीत. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा उजेड या झाडाला फार मानवतो. तिथे खिडकीला लागून ठेवलं तरी चालेल.

हवा खेळती हवी. दारं-खिडक्या बंद असण्याच्या दिवसांत टेबलफॅन दीड-दोन मीटरवरून मंद गतीने दोन तास लावा. एसीचा झोत मात्र थेट अंगावर नको. पानांवर पाणी फवारू नका. आपल्या हवेत त्याची काहीच गरज नाही आणि पावसाळ्यात ते रोगाला आमंत्रण आहे. धूळ बसली तर ओल्या सुती फडक्याने पान खालून तळव्याचा आधार देऊन पुसा. चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावतात, ते नको. त्याने पानाची छिद्रं बुजतात आणि धूळ आणखी चिकटते.

खत ऑक्टोबर ते मे, महिन्यातून एकदा: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) विद्राव्य खत, २ लिटर पाण्याला १ ग्रॅम. जून ते सप्टेंबर काहीही नाही. मासळी धुतलेलं पाणी माडाला, मिरचीला घाला, त्यांना ते पचतं. घरातल्या कुंडीत त्याने वास, मुंग्या आणि माश्या येतात. पेजेचं पाणी, ताक, चहाचा चोथा यांचंही तेच. नळाचं पाणी चालतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मे महिन्यात खारट होतं. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसली, तर २ लिटर पावसाचं किंवा गोडं पाणी सावकाश कुंडीतून वाहू द्या.

तुमच्या झाडावर आत्ता नाहीत, पण पुढे दिसू शकतील अशा गोष्टी. पानाच्या खालच्या बाजूला खरखरीत, बुचासारखे फोड आले तर तो बहुधा रोग नसतो. मूळ पाणी ढकलतं आणि दमट हवेत पानाला ते बाहेर टाकता येत नाही, म्हणून पेशी फुटून तिथे खपली धरते. पाणी कमी करा, हवा द्या. जुने फोड राहतील, नव्या पानांवर येणार नाहीत. पानावर एकात एक तपकिरी कडी आणि पान वेडंवाकडं झालं, तर तो विषाणू असतो. काकडीवर्गीय पिकांवर येणारा मोझॅक विषाणूच पेपेरोमियावरही येतो. त्याला औषध नाही. झाड टाकून द्या आणि त्याचे तुकडे लावू नका. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपा, मग १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि १ मिलिलिटर द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा. दर ७ दिवसांनी तीन वेळा. आधी एका पानावर लावून दोन दिवस बघा. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर हे ढेकूण परत येतात, कारण त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्याच त्यांना सांभाळतात. मिश्रणाच्या पृष्ठभागावर पांढरी बुरशी आली तर घाबरू नका. वरचा थर खरवडून काढा, कुंडी कोरडी होऊ द्या.

औषधाबद्दल विचारणं होतंच. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, १ लिटरला २ ते ३ ग्रॅम, हे शेजारच्या निरोगी झाडांच्या बुडाशी ओतायला उपयोगी. हातमोजे घाला, मांजरीला त्या दिवशी दूर ठेवा. काळं पडलेलं खोड त्याने पुन्हा हिरवं होत नाही, तिथे ब्लेडच लागतं. ट्रायकोडर्मा (रोगाला अडवणारी उपयोगी बुरशी) वापरायचं असेल तर १ किलो गांडूळखताला ५ ते १० ग्रॅम, आणि तांब्याच्या औषधापासून पंधरा दिवसांचं अंतर ठेवून. नाहीतर तांब्याने ट्रायकोडर्मा मरतं.

गणेश चवथीला गावच्या घरी जाणार असाल तर पाच-सहा दिवसांसाठी काही करायला नको. निघताना पाणी घालू नका, पडदे उघडे ठेवा. शेजाऱ्यांना किल्ली देऊन ‘झाडांना पाणी घाला’ असं सांगितलंत, तर या झाडाला वगळायला सांगा. मेमध्ये दहा-बारा दिवस बाहेर जाणार असाल तर निघायच्या दिवशी पोटभर पाणी आणि कुंडी खिडकीपासून जरा आत. पाण्याच्या टबात उभी करून जाऊ नका.

आता लावलेल्या तुकड्यांचं. ७-८ सेंटिमीटरचा भोकं पाडलेला पेला, त्यात धुतलेलं कोकोपीट आणि परलाइट निम्मं-निम्मं, चिमटीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपतच ओलं. एक पेर आत, पानं बाहेर. पुस्तकांत वर प्लास्टिकची पिशवी घालायला सांगतात. ती कोरड्या हवेसाठी. इथे जुलैत पिशवी घातली तर तुकडा कुजेल. पेला उजेडात ठेवा आणि पहिले दहा दिवस पाणी नको. इतर दिवसांत तीन-चार आठवड्यांत मूळ धरतं, पावसात पाच-सहा. उपटून बघायचा मोह आवरा; हलकेच ओढल्यावर तुकडा जागचा हलला नाही, तर मूळ धरलं. एखादं पान पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या जातीचं असेल तर नुसत्या पानापासून रोप करू नका, ते साधं हिरवं निघतं. खोडाचाच तुकडा हवा. शेंड्याला दोन नवी पानं उघडली की, बहुधा सप्टेंबरअखेर, ४ इंची कुंडीत हलवा आणि तिसऱ्या पेरावर शेंडा खुडा. म्हणजे बाजूचे डोळे फुटून झाड उंच न जाता गोल, भरगच्च होतं.